देश नंतर, आधी स्वतःची फाइल: परदेशात इंग्रजी शिकवायची नोकरी कशी मिळवायची

परदेशात जाऊन इंग्रजी शिकवायचं ठरवलेला माणूस सगळ्यात आधी काय विचारतो, तर "कुठला देश बरा?" आणि मग तासन्‌तास व्हिडिओ बघत बसतो, कुणी पगाराबद्दल बोलतंय, कुणी समुद्राबद्दल. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. या कामात देश तुम्ही निवडत नाही, तुमचा पासपोर्ट, तुमची डिग्री आणि तुमची कागदं मिळून निवडतात, तुम्ही फक्त उरलेल्या यादीतून मनासारखा उचलायचा. म्हणून इथे देश पार मधे येतो, सुरुवातीला नाही. मी काही वर्षं शिकवलं आणि नंतर एका भाषा केंद्रात डेमो, म्हणजे उमेदवाराचा नमुना तास, बघणाऱ्यांच्या रांगेत बसले, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू माहिती आहेत.

आधी पासपोर्ट

हे कडू आहे, पण संपवून टाकू. काही देशांच्या व्हिसा नियमातच असतं की भाषाशिक्षक कुठल्या देशाचा नागरिक हवा. दक्षिण कोरियाचा ई-२ व्हिसा मुळात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारतीयांसाठी दोन देशांमधल्या आर्थिक करारामुळे (तो २०१० पासून लागू आहे) एक छोटी खिडकी आहे, पण तिथे इंग्रजी विषयाची डिग्री आणि शिक्षकाचा परवाना दोन्ही मागतात. चीनमधे भाषाशिक्षकाच्या वर्क परमिटचा नियम साधारण याच धर्तीचा आहे आणि वर प्रांताप्रांतात अंमल वेगळा. तैवानच्या खासगी क्लासेसचंही थोडंफार तसंच.

जपानचं गणित वेगळं आहे. तिथे खासगी इंग्रजी क्लासला, म्हणजे एकाइवाला, जो व्हिसा लागतो त्यात पासपोर्टचा रंग लिहिलेला नाही, डिग्री बघतात. शाळांमधल्या कामासाठीचा 'इन्स्ट्रक्टर' व्हिसा मात्र मातृभाषा इंग्रजी नसलेल्याकडून १२ वर्षांचं इंग्रजी माध्यमातलं शिक्षण दाखवून मागतो. म्हणजे इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांनो, शाळेचे जुने दाखले जपून ठेवा, कधी उपयोगी पडतील सांगता येत नाही.

थायलंड, व्हिएतनाम, कंबोडिया, आखाती देश, लॅटिन अमेरिका, इथे नियमाने बाकीच्या देशांच्या शिक्षकांना वाट आहे, फक्त भाषेच्या परीक्षेचा स्कोर किंवा जास्तीचं सर्टिफिकेट मागतात. थायलंडमधे तर फिलिपिनो शिक्षक भरपूर आहेत. युरोपात युरोपियन युनियनचा पासपोर्ट असेल तर दार सताड उघडं, नसेल तर भाषा शाळा व्हिसाच्या भानगडीत सहसा पडत नाहीत, अपवाद म्हणजे सरकारी असिस्टंट योजना, स्पेनची किंवा फ्रान्सची, पण त्याही ठरावीक देशांच्या लोकांसाठीच असतात.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. जाहिरातीत "नेटिव्ह स्पीकर ओन्ली" असणं आणि कायद्यातच बंदी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली म्हणजे मालकाची आवड, ती चांगला डेमो बघून बदलते, मी बदललेली बघितलीय. दुसरी बदलत नाही. म्हणून कुठेही अर्ज करताना पहिल्याच मेलमधे एकच प्रश्न विचारा: माझ्या पासपोर्टवर तुम्ही यापूर्वी कुणाचं वर्क परमिट काढलंय का? "होऊन जाईल" असं उत्तर आलं तर ते उत्तर 'नाही' असं समजायचं.

डिग्री, आणि तुम्ही नक्की कुठल्या नोकरीच्या लायनीत आहात

पूर्व आशियात बहुतेक ठिकाणी कामाच्या व्हिसासाठी बॅचलर डिग्री लागतेच, विषय कुठलाही चालतो. मेकॅनिकल इंजिनिअर असाल, कॉमर्सवाले असाल, फरक पडत नाही. डिग्रीच नसेल तर यादी लगेच आखूड होते, मग कंबोडिया, लॅटिन अमेरिकेतले काही देश आणि ऑनलाइन शिकवणं एवढंच हातात राहतं.

पण ज्यांच्याकडे बी.एड. किंवा त्या तोडीचा शिक्षकाचा परवाना आणि शाळेत शिकवल्याचा दोनेक वर्षांचा अनुभव आहे त्यांनी भाषा केंद्रांच्या जाहिराती वाचत बसूच नये. त्यांची लाइन वेगळी आहे, इंटरनॅशनल स्कूल. तिथे तुम्ही क्लास टीचर किंवा इंग्रजी विषयाचे शिक्षक म्हणून जाता, पगार, घर, सुट्ट्या, पोरांची फी, सगळंच वेगळ्या पातळीवर असतं. ती भरतीही वेगळ्या जागी चालते, सर्च असोसिएट्स किंवा आयएसएस सारख्या भरती संस्था आणि टीईएस या शिक्षकांच्या वेबसाइटची जाहिरात पानं. बी.एड.वाले लोक महिनाभराचा ऑनलाइन कोर्स करून संध्याकाळच्या क्लासची नोकरी धरतात तेव्हा खरंच जीव हळहळतो. विद्यापीठात शिकवायचं तर बहुतेक ठिकाणी मास्टर्स मागतात, आखातात तर हमखास.

सर्टिफिकेट: १२० तास म्हणजे काय आणि काय नाही

टेफल म्हणजे परभाषा म्हणून इंग्रजी शिकवायचं प्रशिक्षण, हे कुठल्या एका संस्थेचं नाव नाही, त्यावर कुणाची मालकी नाही, त्यामुळे उद्या कुणीही वेबसाइट काढून टेफल सर्टिफिकेट वाटू शकतो आणि वाटतातही. जाहिरातींमधे जे "किमान १२० तास" दिसतं तो आकडा बाजारात रूढ झालाय, व्हिसा ऑफिसही बऱ्याच ठिकाणी तोच बघतं. त्यामुळे निव्वळ व्हिसाचा रकाना भरायला स्वस्तातला १२० तासांचा ऑनलाइन कोर्स चालून जातो. पण तो तुम्हाला वर्गात उभं राहायला शिकवत नाही.

वर्गात उभं राहायला शिकवणारे दोन कोर्स जगभर ओळखले जातात, केंब्रिजचा सेल्टा आणि ट्रिनिटी कॉलेज लंडनचा सर्ट-टीसॉल. दोन्हींमधे सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं आणि ट्रेनर मागे बसून वहीत लिहीत असतो. पूर्णवेळ केलं तर चारपाच आठवडे, आणि ते आठवडे दुसरं काही होत नाही. सकाळी शिकवण्याच्या पद्धतीवर सेशन, दुपारी तुमचा ४० मिनिटांचा तास, मग बरोबरच्यांचे तास बघायचे, मग सगळे मिळून चिरफाड, आणि रात्री उद्याचा लेसन प्लॅन, ज्यात प्रत्येक टप्प्याला किती मिनिटं, तुम्ही काय बोलणार, पोरं कुठे अडखळतील आणि तेव्हा तुम्ही काय करणार हे सगळं लिहायचं. सेल्टाला लेखी असाइनमेंट चार असतात. प्रवेशाआधी मुलाखत आणि भाषेची चाचणी असते, डिग्रीची सक्ती नसते पण इंग्रजी मात्र वरच्या दर्जाचं लागतं.

महाग आहे, हो. मग घ्यावा का? माझा हिशोब सोपा आहे. आखात, युरोप, किंवा ब्रिटिश कौन्सिल सारख्या ठिकाणी जायचंय, किंवा तुमचा पासपोर्ट त्या सात देशांपैकी नाहीये, तर घ्याच, कारण तुम्हाला दारात एक वाक्य कमी बोलावं लागतं. एक वर्ष मजा म्हणून जायचंय आणि पासपोर्ट भक्कम आहे तर स्वस्त कोर्स बास. मधली वाट म्हणजे असा ऑनलाइन कोर्स ज्यात प्रत्यक्ष शिकवण्याचे निदान काही तास आहेत आणि कुणीतरी ते बघून अभिप्राय देतं. कोर्सवाल्यांना फोन करून एवढंच विचारा: मी शिकवताना बघणार कोण? उत्तर गोलगोल आलं की पैसे खिशात ठेवा. "१००% जॉब गॅरंटी" असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच की ते तुम्हाला जाहिरातींची यादी मेल करतील.

इंग्रजी मातृभाषा नसेल तर आयेल्ट्स किंवा टोइक या इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोर काढून ठेवा, पण घाईत नको, आयेल्ट्सचा निकाल साधारण दोन वर्षंच धरतात. थायलंडमधे टोइक चालते, बाकी बऱ्याच ठिकाणी आयेल्ट्स विचारतात. आणि आयेल्ट्सला ७.५ च्या वर गेलात तर तो आकडा सीव्हीच्या पहिल्या तीन ओळीत टाका, खाली पुरून ठेवू नका.

कागदं, म्हणजे खरा वेळखाऊ भाग

इथे लोक सगळ्यात जास्त महिने घालवतात. साधारणपणे लागतं ते असं: मूळ डिग्री, मार्कशीट, पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, टेफल किंवा सेल्टा, अनुभवाची पत्रं, मेडिकल, फोटो, आणि पासपोर्टची निदान वर्षभर मुदत शिल्लक.

डिग्री नुसती दाखवून भागत नाही, ती खरी आहे हे सरकारी शिक्क्याने सिद्ध करावं लागतं. तो शिक्का म्हणजे अपोस्टिल, १९६१ च्या हेग करारातून आलेली पद्धत. दोन्ही देश त्या करारात असतील तर एका अपोस्टिलवर काम होतं. चीन ७ नोव्हेंबर २०२३ पासून त्यात आहे, त्यामुळे बऱ्याच देशांच्या कागदांना आधी दूतावासाच्या चकरा लागायच्या त्या वाचल्या, भारतीय कागदांचं मात्र चिनी दूतावासाकडे विचारून खात्री करा. संयुक्त अरब अमिरातीसाठी मात्र अपोस्टिल पुरत नाही, तिथे दूतावासाची साक्षांकनाची पूर्ण साखळी करावी लागते. म्हणून कुठला देश हे जरा तरी पक्कं झाल्याशिवाय शिक्के मारत सुटू नका, एका देशासाठी केलेलं दुसऱ्याला चालेलच असं नाही.

क्रम महत्त्वाचा आहे. डिग्रीची पडताळणी सगळ्यात आधी सुरू करा कारण विद्यापीठ आपल्या गतीने चालतं आणि डिग्रीला एक्सपायरी नसते. पोलीस क्लिअरन्स सगळ्यात शेवटी, कारण तो ताजा लागतो, सहा महिन्यांच्या आतला असं बरेच देश म्हणतात. उत्साहात पहिल्या दिवशी काढलेला क्लिअरन्स व्हिसाच्या टेबलावर पोचेपर्यंत शिळा होतो.

आणि नाव. डिग्रीवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, वडिलांचं नाव एकीकडे आहे एकीकडे नाही, लग्नानंतर बदललेलं, एका अक्षराचं स्पेलिंग वेगळं, यातलं काहीही असेल तर आत्ताच दोन कागद शेजारी ठेवून अक्षर न्‌ अक्षर जुळवा. फरक असेल तर एकाच व्यक्तीची दोन नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र करून त्यालाही शिक्का मारून घ्या. व्हिसाचा क्लार्क तुमच्या बाजूने विचार करत नाही, त्याला दोन नावं दिसली की दोन माणसं दिसतात.

सगळं स्कॅन करून एका फोल्डरमधे, फाइलला नीट नावं देऊन ठेवा. मूळ डिग्री कुणालाही कुरिअरने पाठवू नका जोपर्यंत सही झालेला करार हातात नाही.

आता देश, आणि त्याचा सीझन

एवढं झालं की तुमच्यासमोर चारपाच नावं उरतील. त्यात पगार किती यापेक्षा महिन्याअखेर उरतं किती हे बघायचं. कोरियात शाळा किंवा हागवॉन म्हणजे खासगी क्लास घर देतात किंवा घराचा भत्ता देतात, आणि वर्ष पूर्ण केलं की कायद्याने साधारण महिन्याच्या पगाराएवढी जादा रक्कम मिळते. आखातात पगारावर आयकर नाही, घर आणि विमान तिकीट बऱ्याचदा पॅकेजमधे, पण अनुभव मागतात. जपानमधे सुरुवातीचा खर्च दणदणीत असतो, घराचं डिपॉझिट आणि पहिला पगार येईपर्यंतचे आठवडे, तेवढे पैसे बरोबर न्यावेच लागतात. लॅटिन अमेरिका किंवा स्पेनमधे शिल्लक टाकायची अपेक्षा ठेवू नका, तिथे लोक राहण्यासाठी जातात, कमावण्यासाठी नाही, आणि त्यात वाईट काहीच नाही.

भरतीचा हंगाम चुकला की चांगल्या जागा गेलेल्या असतात आणि उरलेल्या जागा उरलेल्या का आहेत हा प्रश्न पडतो. कोरियाच्या सरकारी शाळांची एपिक योजना १९९५ पासून चालू आहे, तिच्यात वसंत आणि शरद असे दोन गट असतात आणि अर्ज कित्येक महिने आधी करावा लागतो. जपानच्या शाळांमधे परदेशी सहायक शिक्षक नेणारी सरकारी जेट योजना १९८७ ची, अर्ज शरद ऋतूत, जायचं पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे जवळजवळ वर्षभर आधी हालचाल, सहभागी देशांची यादी दूतावासाकडे मिळते. थायलंडच्या शाळांची सत्रं मे आणि नोव्हेंबरच्या आसपास सुरू होतात. आखाती शाळा ऑगस्ट-सप्टेंबरला उघडतात पण शिक्षक त्या वर्षाच्या पहिल्या काही महिन्यातच पकडून ठेवतात. व्हिएतनामची भाषा केंद्रं आणि कोरियाचे हागवॉन बाराही महिने घेत असतात.

चीनबद्दल एक. जुलै २०२१ मधे तिथल्या सरकारने शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर जे निर्बंध आणले त्यानंतर तिथल्या पोरांना परदेशात बसून ऑनलाइन शिकवायचा मोठा धंदा जवळपास झोपलाच. जुने व्हिडिओ बघून आशा लावून बसू नका, २०२१ च्या आधीचा सल्ला असेल तर सरळ सोडून द्या.

अर्ज

जागा शोधायच्या कुठे? डेव्हज ईएसएल कॅफे १९९५ पासून चालू आहे आणि अजून आशियाच्या जाहिराती तिथे भरपूर असतात, टेफल डॉट कॉम, थायलंडसाठी अजार्न, जपानसाठी गाइजिनपॉट, ही नावं पुरे. पण साइटवर जाहिरात आहे म्हणजे साइटने खात्री केलीय असं नसतं.

सीव्ही एक पान, फार तर दोन. सगळ्यात वर राष्ट्रीयत्व, डिग्री, सर्टिफिकेट, कधीपासून येऊ शकता, कारण भरती करणारा आधी हेच चार शोधतो. आशियात फोटो मागतात, साधा हसरा फोटो द्या, लग्नातला कापलेला नको. अनुभव नाही असं म्हणू नका. शेजारच्या पोरांची शिकवणी, ऑफिसात नवीन लोकांना दिलेलं ट्रेनिंग, कुठल्या संस्थेत शनिवारचे वर्ग, हे सगळं लिहा पण आकार देऊन लिहा, म्हणजे कोणाला, किती जणांना, कुठल्या पातळीचं, काय शिकवलं. "कम्युनिकेशन स्किल्स उत्तम" हे वाक्य प्रत्येक सीव्हीत असतं, ते कुणीही वाचत नाही.

मिनिटभराचा ओळख व्हिडिओ हल्ली जवळजवळ सगळे मागतात. त्यात पाठ केलेलं भाषण नको. प्रकाश चेहऱ्यावर, मागे भिंत रिकामी, आणि सावकाश स्पष्ट बोलणं. उच्चार इंग्लंडचा-अमेरिकेचा काढायला जाऊ नका, ओढूनताणून आणलेला उच्चार तिसऱ्या वाक्याला उघडा पडतो. समोरच्याला एवढंच बघायचं असतं की तुमचं बोलणं नवशिक्याला कळेल का.

मुलाखत आणि डेमो

इथे जरा थांबते कारण नोकरी इथेच मिळते किंवा जाते.

मुलाखतीत व्याकरणाचा एखादा प्रश्न हमखास येतो, आणि तो तुम्हाला नियम येतो का हे बघायला नसतो. उदाहरणार्थ विचारतील, "ही हॅज गॉन टू जपान" आणि "ही हॅज बीन टू जपान" यातला फरक कसा शिकवाल? बहुतेक उमेदवार लगेच प्रेझेंट परफेक्टची व्याख्या सुरू करतात. त्याऐवजी असं सांगा: फळ्यावर दोन माणसं काढेन, एकाच्या हातात बॅग आणि तो विमानात, दुसरा घरी खुर्चीत बसून फोटो दाखवतोय. मग विचारेन, "आत्ता हा कुठे आहे? परत आला का?" पोरांनीच फरक सांगितला की मग वाक्य लिहीन. परिस्थिती आधी, अर्थ तपासणारे छोटे प्रश्न मग, आणि नियम शेवटी, वाटलं तरच.

डेमो साधारण १० ते २० मिनिटांचा असतो, कधी खऱ्या पोरांसमोर, कधी स्क्रीनवर, कधी चार मोठी माणसं पोरं असल्याचं नाटक करतात. त्यात मी वहीत काय लिहायचे ते सांगते. पहिली गोष्ट, शिक्षक किती बोलला. पंधरा मिनिटातली बारा तुम्हीच बोललात तर भाषण चांगलं झालं, तास नाही झाला. दुसरी, सूचना. "आता आपण असं करूया की तुम्ही सगळे जोडीदाराबरोबर या चित्राबद्दल चर्चा करून मग मला सांगा" हे वाक्य नवशिक्याच्या डोक्यावरून जातं. नीट सूचना म्हणजे: दोघांकडे बोट, "यू, ए. यू, बी." कागद हातात धरून दाखवायचा, "ए, आस्क. बी, आन्सर." मग एका पोराबरोबर स्वतः करून दाखवायचं. मग विचारायचं, "बी, आर यू आस्किंग?" ते "नो" म्हणाले की मगच कागद वाटायचे. आधी वाटले की सगळ्यांच्या माना खाली, मग तुम्ही बोलत राहा एकटेच. कागद कधी वाटले एवढ्यावरून माणूस वर्गात उभा राहिलाय की नाही ते मला कळायचं.

तिसरी, चूक झाली तेव्हा काय केलं. पोरगं म्हणालं "शी गो टू स्कूल", तर लगेच तोडून बरोबर वाक्य सांगू नका. भुवया उंचावा, "शी...?" म्हणून थांबा. बऱ्याचदा तो स्वतः दुरुस्त करतो. नाही जमलं तर शेजारच्याला संधी द्या.

विषय छोटा घ्या. सगळा पास्ट टेन्स नको, "यूज्ड टू" एवढंच घ्या, तेही फक्त होकारार्थी. स्वतःचा एक जुना फोटो दाखवा, "आय यूज्ड टू हॅव लाँग हेअर", मग दोन प्रश्न, आत्ता आहेत का, तेव्हा होते का, मग दोघादोघांनी एकमेकांबद्दल तीन वाक्यं. झाला डेमो. प्लॅनचा कागद छापून न्या, ऑनलाइन असेल तर आधी मेल करा, निम्मे लोक करत नाहीत.

शेवटी ते विचारतील, तास कसा झाला असं वाटतं? "छान झाला" म्हणू नका. काय चाललं, काय बदलाल, दोन वाक्यं नेमकी. आणि मग तुमची पाळी: वर्गात किती पोरं, पुस्तक ठरलेलं आहे का, तयारीचा वेळ पगारात धरलाय का, आणि सध्या तिथे काम करणाऱ्या एखाद्या शिक्षकाशी मला बोलता येईल का. ह्या शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर मी तरी तिथे जाणार नाही.

करार वाचणं

ऑफर लेटर आणि करार वेगळे. ऑफर आली म्हणून राजीनामा टाकू नका, दोन्ही बाजूंच्या सह्यांचा करार येऊ दे.

पगाराच्या आकड्याआधी तास बघा. "आठवड्याला २५ तास" हे शिकवण्याचे की एकूण हजेरीचे? २५ शिकवायचे आणि ४० तास इमारतीत बसायचं असेल तर ती वेगळी नोकरी आहे. आणि सकाळी आठ ते अकरा मग संध्याकाळी पाच ते नऊ अशी तुटक पाळी असेल तर कागदावर सात तास दिसतात पण दिवस सगळा गेलेला असतो. जादा तासाचा दर लिहिलाय का, शनिवार-रविवार कुणाचे, पोरं आली नाहीत म्हणून रद्द झालेल्या तासाचे पैसे मिळतात का. मग व्हिसा आणि मेडिकलचा खर्च कोण देणार, तिकीट आधी देणार की वर्ष संपल्यावर, घर दिलं तर एकट्याचं की वाटून, डिपॉझिट पगारातून कापणार का. आजारपणाच्या पगारी रजा किती. आणि वर्षाच्या मधे सोडलं तर दंड किती, हे कलम बहुतेक शेवटच्या पानावर असतं, तिथून वाचायला सुरुवात केली तरी चालेल.

करार दोन भाषांमधे असेल तर कुठला ग्राह्य धरायचा हे त्यातच लिहिलेलं असतं. स्थानिक भाषेतला ग्राह्य असेल तर तो ती भाषा येणाऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या, मालकाकडून नव्हे.

फसवणूक कशी ओळखायची

या धंद्यातला जुना प्रकार म्हणजे लंडनमधलं एक श्रीमंत कुटुंब, त्यांना मुलांसाठी घरी राहणारा शिक्षक हवाय, पगार डोळे दिपवणारा, मुलाखत नाही, फक्त व्हिसाच्या वकिलाला आधी थोडे पैसे पाठवा. ते कुटुंब नसतंच. नोकरीसाठी उमेदवाराने एजंटला पैसे द्यायचे ही गोष्टच संशयाची, या क्षेत्रात एजंटची फी साधारणपणे शाळा देते.

दुसरा प्रकार जास्त साळसूद आहे: "आधी टुरिस्ट व्हिसावर या, परमिट इथे आल्यावर करू." काही देशात आत येऊन व्हिसा बदलता येतो, पण परमिट हातात नसताना वर्गात उभं राहिलात तर बेकायदा तुम्हीही ठरता, आणि देशाबाहेर काढतात ते तुम्हालाच. चीनमधे कामासाठी झेड व्हिसा लागतो, बिझनेस व्हिसावर शिकवायला लावणारे अजून भेटतात. जपानमधे मालक आधी सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी, म्हणजे व्हिसाआधी लागणारं पात्रतेचं प्रमाणपत्र, काढतो, त्याला एक ते तीन महिने लागतात, त्यामुळे "पुढच्या आठवड्यात या" म्हणणारा जपानी क्लास असेल तर विचारा कशावर येऊ.

शाळेचा पत्ता नकाशावर टाकून इमारत बघा. वेबसाइटवरच्या नंबरवर, त्यांनी दिलेल्या नव्हे, फोन करून विचारा की ही व्यक्ती तुमच्याकडे भरतीचं बघते का. शाळेचं नाव आणि 'पगार थकला' असं दोन्ही टाकून शोधा. चिडलेला एखादा माणूस सगळीकडे असतोच, पण तीच तक्रार वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळे लोक करतायत तर आग आहे.

पोचल्यावर

सुरुवातीच्या दिवसात शिकवण्यापेक्षा ऑफिसांच्या रांगा जास्त असतात. कोरियात मेडिकल पुन्हा होतं, त्यात अमली पदार्थांची तपासणीही असते, आणि परदेशी नागरिकाचं ओळखपत्र ९० दिवसांच्या आत काढायचं. चीनमधे पोचल्यापासून २४ तासात पोलिसांकडे राहत्या पत्त्याची नोंद आणि ३० दिवसांच्या आत रेसिडेन्स परमिटचा अर्ज. नोंदणीसाठी शाळेचा माणूस पासपोर्ट घेऊन जाईल तेव्हा कधी परत मिळणार ते लेखी विचारा आणि त्या तारखेला मागा. "सुरक्षित ठेवतो" म्हणून पासपोर्ट ठेवून घेणं बऱ्याच देशात बेकायदा आहे, अमिरातीतही.

खासगी शिकवण्या लगेच सुचतील कारण पालक स्वतःच विचारतात. कोरियाच्या ई-२ व्हिसावर त्या बेकायदा आहेत. चीनमधेही परमिटवर ज्या संस्थेचं नाव आहे तिच्याबाहेर शिकवता येत नाही. ऑनलाइन प्रेप्ली किंवा आयटॉकीवर शिकवून जोड द्यायचा विचार असेल तर तेही आधी परमिटच्या अटीत बसतं का बघा. आणि प्रेप्लीवर प्रत्येक नवीन विद्यार्थ्याच्या पहिल्या ट्रायल तासाचे पैसे प्लॅटफॉर्मच ठेवतो, हे धरून हिशोब मांडा.

पगाराच्या पावत्या, कराराची सही झालेली प्रत, परमिटचे फोटो, सगळं शाळेच्या मेलवर नाही तर स्वतःच्या मेलवर ठेवा. नोकरी बदलायची वेळ आली, आणि पहिल्या वर्षानंतर बहुतेकांची येतेच, तर चीनसारख्या ठिकाणी जुन्या मालकाने परमिट रद्द करून रिलीज लेटर दिल्याशिवाय नवीन मालक तुमचं काही करू शकत नाही. त्यामुळे नोटीस कराराप्रमाणे पूर्ण द्या, शेवटच्या महिन्यात भांडण काढू नका, आणि ते पत्र सही-शिक्क्यानिशी हातात पडेपर्यंत विमानाचं तिकीट बुक करू नका.